मळका कुरव

"हा पक्षी हाय का उशीचा अभ्रा?" सुलाबाईंनी फोटो उलटा धरून विचारलं.

झुंबरनानांनी तो त्यांच्या हातातून घेतला, सुलटा केला आणि परत दिला. सुलाबाईंनी कणकेचं बोट पदराला पुसलं, फोटोतल्या पांढऱ्या ठिगळावर ठेवलं आणि पुन्हा निरखून पाहिलं.

"आता बी अभ्राच दिसतो," त्या म्हणाल्या. "फक्त आता सरळ दिसतो."

नानांना राग आला. बायको चेष्टा करते याचा नाही, त्याची सवय होती. बायको खरं बोलत होती, याचा राग आला.

सिडकोत नानांची 'धवल लॉन्ड्री' होती. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे पांढरे कपडे धुतले होते. पांढरा हा एक रंग नसतो, हे त्यांच्याइतकं त्या भागात कोणाला ठाऊक नव्हतं. खादीचा पांढरा वेगळा, टेरिकॉटचा निळसर पांढरा वेगळा, डॉक्टरच्या कोटाचा वेगळा. नव्या धोतराचा पांढरा पहिल्या तीन धुण्यांपर्यंत जरा पिवळा असतो, मग शहाणा होतो. नुसतं बघून हा सदरा किती वेळा धुतला असेल ते नाना सांगत, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन बायकोला विचारून परत येई तेव्हा आकडा बरोबर निघे.

कॅमेरा त्यांच्याकडे आला तो बारकू फोटोवाल्यामुळे. बारकू स्टुडिओ बंद करून मालेगावला पोराकडे निघाला, तेव्हा त्याने जुना कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स नानांच्या टेबलावर आणून ठेवली. "नाना, माझ्या साऱ्या लग्नांतल्या सफाऱ्या तुम्हीच कडक ठेवल्या. ह्ये ठेवा. आतमधी एक सुई दिसती, ती मधोमध आणायची आन् खटका दाबायचा. बाकी काय नाय त्यात."

मग डिसेंबरात नाना निफाडला भाच्याकडे गेले असताना भाच्याने त्यांना नांदूरमध्यमेश्वरच्या धरणावर नेलं. थंडीत तिथे लांबलांबचे पक्षी उतरतात. त्यात कुरव होते. हे खरे समुद्राचे पक्षी, पण हिवाळ्यात गोदावरीचं पाणी त्यांना चालतं. एक कुरव नानांच्या समोर पंधरा हातांवर येऊन बसला आणि नाना चहा प्यायचे विसरले.

असं पांढरं त्यांच्या भट्टीतून सव्वीस वर्षांत निघालं नव्हतं. पाठीवर राखाडी झाक, पंखाच्या टोकाला काळं, कानामागे तीट लावल्यासारखा काळा ठिपका. आणि छातीवर पांढऱ्यावर पांढरी पिसं, एकेक वेगळं दिसणारं, कपाटात नीट रचलेल्या घड्यांसारखी. नानांनी सुई मधोमध आणली आणि रोल संपेपर्यंत खटके दाबले.

त्या रोलमधून छत्तीस अभ्रे निघाले.

त्यातला एक दुकानाच्या टेबलावर पडला होता, तेवढ्यात गोटीराम गुरुजी कपडे न्यायला आले. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले आणि पाणवठा पक्षिमित्र मंडळाचे चिटणीस. पुतण्याने दुबईहून आणलेला ऑटोमॅटिक कॅमेरा त्यांच्या गळ्यात ताईतासारखा असे.

"हे काय, रुमाल हरवला वाटतं कुणाचा?" गुरुजींनी फोटो उचलला.

"कुरव हाय तो," नाना म्हणाले.

"कुरव? अहो, पिसं कुठायत? डोळा कुठाय? नाना, कॅमेऱ्याला डोकं लागतं, दंड नाही. तुम्ही आपली इस्त्री सांभाळा." दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघंही हसली. गुरुजींना वर्ग हसला की आणखी बोलायची सवय होती. "आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे वीस जानेवारीला. 'गोदाकाठचे पक्षी'. या बघायला. फोटो म्हणजे काय ते कळेल."

"बघायला कशाला? माझा फोटो लागंल तिथं," नाना म्हणाले. इस्त्री त्यांनी बाजूला उभी करून ठेवली. "आन् त्याच्यात पीस न् पीस मोजता यील."

"आणि नाही आलं तर?"

"तर ही पाटी उतरवीन." नानांनी दाराकडे बोट केलं. वर 'धवल लॉन्ड्री' लिहिलं होतं. "ज्याला पांढरं कळत नाय त्यानं ही पाटी लावू नये."

आत कणीक मळणाऱ्या सुलाबाईंच्या हातातली परात खाली आदळली. पण शब्द गेला होता, आणि चौघं गिऱ्हाइकं म्हणजे अख्खं सिडको.

चूक कुठे झाली ते नानांना दोन दिवस कळेना. तिसऱ्या दिवशी भट्टीजवळ बसले असताना त्यांच्या हातात एका गिऱ्हाइकाचा घरी धुतलेला शर्ट आला. कोणीतरी डाग जावा म्हणून त्यावर ब्लीच ओतलं होतं. डाग गेला होता आणि डागाबरोबर कापडाची वीणही गेली होती. नुसता भुसभुशीत पांढरा तुकडा राहिला होता.

नाना उठून उभे राहिले. "सुले! उजेड म्हंजी ब्लीच!"

"बरं," सुलाबाई आतून म्हणाल्या.

"अगं ऐक तर. कॅमेऱ्याला चहूकडं काळं पाणी दिसतं. त्याला वाटतं लय अंधार हाय. म्हणून तो उजेड वतत बसतो. आन् मधी माझं पाखरू बसलंय, त्याची सारी वीण जळून जाती!"

"मग कमी वता."

एवढ्या मोठ्या शोधाचं एवढ्याशा वाक्यात मातेरं झालेलं नानांना आवडलं नाही, पण करायचं तेच होतं. सुई मधोमध आणायची नाही. दीड घर खाली ठेवायची. बारकू काही म्हणो.

रविवारी दुकानाच्या दाराला कागद लागला: 'आज दुकान बंद. मालक उजेड कमी करायला गेले आहेत.' मालक सकाळपासून धरणाच्या काठी चिखलात पोटावर पडले होते. सव्वीस वर्षांत त्यांच्या अंगावरचे कपडे इतके मळले नव्हते. कुरव आला, बसला, एक पंख उचलून त्याने काखेत चोच घातली. नानांनी सुई दीड घर खाली ठेवली आणि श्वास रोखला.

कलर लॅब शालिमार चौकाजवळ होती आणि तिथलं मशीन बंटी चालवत असे. बंटी चाळिशीचा होता, दोन मुलांचा बाप, पण नाव बंटीच राहिलं होतं. नानांनी पाकीट तिथेच उघडलं.

पुन्हा छत्तीस अभ्रे.

पण नाना आता अनुभवी झाले होते. त्यांनी निगेटिव्हची पट्टी काढून दाराच्या उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं दिसतं. त्या काळ्या पक्ष्याच्या छातीवर पिसांच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या.

"बंटी, पिसं हितं हायत. तुझ्या कागदावर का नायत?"

"निगेटिव्ह कमी उजेडाचं होतं नाना. मशीन आपोआप सुधारतं."

"मी बिघडवलं नव्हतं तर सुधारलं काय?"

"अहो, सगळे लग्नाचे रोल येतात. नवरी गोरी दिसली पाहिजे, नाहीतर सासर-माहेर दोन्हीकडची माणसं लॅबवर येतात. मशीनला तशीच सवय लावलीय."

"माझा कुरव नवरी हाय का?"

"नाही."

"मंग त्याला पावडर कशाला लावतो?"

बंटीने हात जोडले. म्हणाला, पाकिटावर काय पाहिजे ते लिहून ठेवा, संध्याकाळच्या पाळीचा माणूस तसं काढेल. नानांना लिहिणं यायचं, पण त्यांची सवय लॉन्ड्रीच्या चिठ्ठीची. तिथे 'खळ नको', 'नीळ कमी' एवढं लिहिलं की काम होतं. त्यांनी पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'पांढरं नको'.

दुसऱ्या दिवशी पाकीट मिळालं. संध्याकाळच्या माणसाने हुकूम अगदी मनापासून पाळला होता. फोटोंच्या चारी बाजूंनी पांढरी किनार येते, काहींना ती आवडत नाही. ती त्याने छाटून टाकली होती. छाटताना हात जरा आत गेला होता. पक्षी तसाच अभ्रा होता, फक्त आता त्याला चोच आणि शेपूटही नव्हती.

काउंटरची फळी उचलून नाना थेट आत गेले आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसले.

"नाना, गिऱ्हाइकाला आत यायची परवानगी नाय."

"तू माझ्या दुकानात येतो तव्हा कॉलरला बोट लावून सांगतो ना, हितं जरा जास्त कडक करा? मी तुला हाकलतो का?" बंटीने निगेटिव्हची पट्टी मशीनमध्ये सरकवली. "दाब ते बटण. गडद कर."

बंटीने एकदा दाबलं. अभ्रा. दोनदा दाबलं. अभ्र्याला डोळा आला. तिसऱ्या वेळी पाठ आणि पोट वेगळं झालं. चौथा कागद मशीनमधून बाहेर सरकला आणि नाना स्टुलावरून उठले. उचललेला पंख होता. पंखाखालची सावली होती. छातीवरची पिसं एकावर एक, काठ न् काठ दिसत होती.

"थांब! हाच. हा मोठा काढ."

"नाना," बंटी हळूच म्हणाला, "हा मळका दिसतो हो."

"मळका नाय. खरा दिसतो."

प्रदर्शनाला पाच दिवस होते. तोवर नानांनी मोठा फोटो दुकानात, बरोबर टेबलामागे टांगला. इथेच घोटाळा झाला. खंडेराव आढाव हे वॉर्डाचे नगरसेवक, त्यांचे आठवड्याला नऊ पांढरे जोड नानांकडे येत. ते आत आले, फोटोकडे बघत थांबले.

"नाना, ह्यो पक्षी तुमच्याकडंच धुतला का?"

"आमी पक्षी धूत नाय, साहेब."

"नाय, बरोबर हाय. पण राखाडी दिसतो वो. तुमाला हा पांढरा दिसतो?"

"हाच पांढरा असतो. तुमी बघता तो पांढरा नाय, ती नीळ असती."

खंडेरावांनी आपले नऊ जोड गाडीत ठेवायला सांगितले. संध्याकाळपर्यंत सिडकोत बातमी पोचली की झुंबरनानांना मोतीबिंदू झाला असून त्यांना मळकं ते पांढरं दिसतं. दवाखान्यातले कोट गेले. बँडवाल्यांच्या पँटी गेल्या. गेली अकरा वर्षं एकच धोतर देणारे एक आजोबा आले आणि ते धोतर उजेडात धरून नेलं. एकाने तर नानांसमोर तीन बोटं धरून किती ते विचारलं.

"ह्या तीन बोटांची मूठ कर आन् घरी जा," नाना म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मांडणीवर कपडेच राहिले नाहीत. सुलाबाई कमरेला पदर खोचून बाहेर आल्या. "काढा तो भिंतीवरून. नायतर बंटीकडनं जरा उजळ करून आणा. फोटो बी लागंल आन् धंदा बी राहील."

"उजळ केला की पिसं जात्यात."

"जाऊ द्या! पिसं काय खायचीत?"

"सुले, सव्वीस वर्षं मी लोकांना पांढरं दिलं. आता खरं पांढरं दिलं तर त्यांना नको हाय. नको तर नको. मी काय काढायचा नाय."

सुलाबाई स्वतःच फोटो काढायला स्टुलावर चढल्या. दुकानातलं रफूचं काम त्यांचं. जळलेल्या शर्टाला धाग्याने धागा जोडून भोक नाहीसं करत त्या. फोटोला हात घालता घालता त्यांची नजर पक्ष्याच्या छातीवर गेली आणि तिथेच राहिली. एका पिसाच्या काठावरून त्यांनी बोट फिरवलं.

"एकाचा काठ दुसऱ्याखाली कसा घेतलाय बघा," त्या म्हणाल्या. "जोड कुठं दिसत नाय. कोणी केलं असंल हे काम?" मग खाली उतरल्या, पदर सोडला. "राहू द्या. मोतीबिंदू तर मोतीबिंदू."

वीस तारखेला सभागृह भरलं होतं. मंडळाच्या अध्यक्ष प्रतिभाताई कॉलेजात शिकवायच्या, बाई भली होती. नानांचा फोटो त्यांनी नाकारला नव्हता, पण पाण्याच्या पिंपाशेजारी, पेले ठेवतात त्या कोपऱ्यात लावला होता. पहिला नंबर गोटीराम गुरुजींना मिळाला होता. दारातून आत आलं की समोरच त्यांचा फोटो: 'सागराचा शुभ्र दूत'. काळ्या पाण्यावर लखलखीत पांढरा पक्षी, एक पंख आभाळाकडे. खाली प्रशस्तिपत्रक चिकटवलेलं. सकाळच्या पेपरात नावही आलं होतं.

"लागला बरं का तुमचा फोटो," गुरुजी येऊन म्हणाले. "पण पिसं मोजायची होती ना? त्या कोपऱ्यात बॅटरी लागेल. पाटी कधी उतरवताय?"

नाना 'सागराच्या शुभ्र दूता'समोर उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"ताई," त्यांनी प्रतिभाताईंना हाक मारली. "हा पक्षी नाय."

"मग काय आहे?"

"पॉपलिन हाय."

आजूबाजूचे हसले. गुरुजी सगळ्यांत मोठ्याने. "बघा! अहो, तुम्हाला जिकडेतिकडे कपडेच दिसायचे!"

"पक्षी पाण्यावर बसला की छाती पुढं राहती. ह्याची कॉलर पुढं हाय."

हसू जरा कमी झालं. दोघंतिघं पुढे सरकले. गुरुजींचा चेहरा लाल झाला. "अस्सं? बंटी! इकडे ये!" बंटी आपल्या लॅबचे फोटो कसे लागलेत ते बघायला आलाच होता. गुरुजींनी बॅगेतून निगेटिव्हचं पाकीट काढून त्याच्या हातात कोंबलं. "जा, आत्ताच्या आत्ता माझा फोटो काढून आण. यांच्यासारखा मळका! होऊन जाऊ दे. कोणी जागचं हलायचं नाही!"

कोणी हलणारच नव्हतं. चहा झाला, दुसरा झाला. तासाभराने बंटीची स्कूटर बाहेर वाजली. तो आत आला, पण कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवेना. पाकीट त्याने प्रतिभाताईंच्या हातात दिलं आणि पिंपाकडे जाऊन पाणी पीत राहिला.

ताईंनी फोटो काढला. पाणी आता काळंकुळं होतं. त्यावर फुल बाह्यांचा एक शर्ट तरंगत होता. वाऱ्याने फुगलेली एक बाही आभाळाकडे उभी होती. चार गुंड्या स्पष्ट मोजता येत होत्या, पाचवी तुटलेली होती. खिशावर शाईचा डाग होता.

मागच्या लोकांनी माना उंच केल्या.

"लांबून पक्षीच वाटत होता," गुरुजी म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता, शिक्षा झालेल्या मुलाचा होता.

"वाटतो," नाना म्हणाले. "मला बी वाटला असता. पहिल्या रोलात माझं काय निघालं होतं ते तुमी पाह्यलंच."

प्रतिभाताईंनी नानांना दाराआड नेलं. "नाना, असं करू. पहिला नंबर तुम्हाला देते. गुरुजींचा फोटो जेवणाच्या सुट्टीत गुपचूप उतरवू. पण बाहेर बोलू नका. पेपरात आलंय, लोक मंडळाला हसतील."

"मला नंबर नको ताई."

"मग काय हवं?"

"त्यांचा उतरवायचा नाय. त्याच्या शेजारी माझा लावा. उजेडात. पैज पिसांवर होती, नंबरावर नव्हती. आन् लोक हसले तर हसू द्या. मला पाच दिस हसतायत, मेलो नाय मी."

ताईंनी हुज्जत घालून पाहिली, मंडळाची इज्जत सांगून पाहिली. नाना पिंपाजवळ जाऊन फोटोला पाठ लावून उभे राहिले. म्हणाले, फोटो उजेडात लागल्याशिवाय हलत नाही. लोकांना पाणी पिता येईना. शेवटी गुरुजींचा पहिला लखलखीत आणि नानांचा मळका, दोन्ही फोटो दारासमोर शेजारी शेजारी लागले.

मग गोटीराम गुरुजी पुढे आले. खिशातून पेन्सिल काढली आणि तिचं टोक काचेवर ठेवून त्यांनी कुरवाची पिसं मोजायला सुरुवात केली. माणूस हट्टी होता, पण गणिताचा मास्तर होता. पंखावर एकोणतीस भरली. छातीवर साठापर्यंत गेले, चुकले, पुन्हा पहिल्यापासून धरलं. तिसऱ्यांदा त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

"राहू द्या पाटी," ते नानांकडे न बघता म्हणाले. "उद्या कपडे पाठवतो."

बातमी पसरायला दुपार पुरली. संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खंडेराव आले, शर्ट बघून पोट धरून हसले, मग कुरवाकडे बघत नानांना म्हणाले, "जोड पाठवू का परत?" नाना म्हणाले, "नीळ पाहिजे आसंल तर दुसरीकडं द्या." जोड तरीही रात्रीच्या आत येऊन पडले.

सगळ्यांत शेवटी नवसाबाई आल्या. चौकात मोगरा आणि शेवंतीचे गजरे विकायच्या, टोपली रिकामी झाली म्हणून डोकावल्या होत्या. नाना, गुरुजी, ताई आणि बंटी तिथेच उभे होते. नवसाबाईंनी दोन्ही फोटो नीट पाहिले. एकदा हा, एकदा तो. मग गुरुजींच्या फोटोवर हात ठेवला.

"ह्यो बेस आलाय."

"मावशी," बंटी घाईघाईने म्हणाला, "तो शर्ट हाय. पक्षी हा, हिकडचा."

"आसू दे की शर्ट," नवसाबाई म्हणाल्या. "पण पांढरा किती हाय रं!"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. गुरुजींचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा जरा उजळला. नाना पुढे गेले. दोन्ही हात मागे बांधून त्यांनी तो शर्ट कॉलरपासून बाहीपर्यंत नजरेखालून घातला, जणू गिऱ्हाइकाने टेबलावर आणून टाकला होता.

"पांढरा आसंल," ते म्हणाले. "पण इस्त्री कुठं हाय त्याला?"